गंज पेठेतले एक घर

फर्दापूरला राहणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला, लेण्यांकडे गाडी कुठून मिळते. आणि दुसरा, जरा वाचनाची गोडी असलेल्या पाहुण्याचा, तो गिलसाहेब पारोबरोबर राहत होता ते घर कुठे आहे. घाट चढून वर अजिंठा गावात जा, तिथे बारादरी आहे आणि पारोची कबरही आहे, असे मी सांगतो. कबरीवरच्या इंग्रजी लेखात २३ मे १८५६ ही तारीख आहे. कंपनी सरकारच्या हुकमाने रॉबर्ट गिल १८४४ च्या सुमारास इकडे आला, वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या नकला करीत राहिला आणि त्यांतल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. एवढे ऐकून पाहुणा हळहळतो. कधी डोळे पुसतो. पण ते घर कोणाचे होते, गिलला ते कोणी राहायला दिले, तो गेल्यावर त्याचा ताबा कोणाकडे गेला, असे आजवर मला एकानेही विचारलेले नाही. मुलूख निजामाचा, साहेब कंपनीचा आणि बाई गावातली. एवढ्या तीन गोष्टींतूनच त्या घराची एक वेगळी कादंबरी उभी राहिली असती. ती कोणी लिहिली नाही. मीही लिहिली नाही.

पाहुण्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घराकडे पाहण्याची ही सवय आपल्या वाङ्मयानेच लावलेली आहे. मराठी कादंबरीत आणि नाटकात घर येते ते बहुधा दोन रूपांत. एक तर ते प्रेमाचे निवासस्थान असते, नाहीतर पडता वाडा असतो. दुसऱ्या रूपाचा तर आपल्याला विलक्षण लळा आहे. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ १९५५ ची, श्री. ना. पेंडश्यांचे ‘तुंबाडचे खोत’ १९८७ चे आणि मधल्या काळातले, म्हणजे १९८५ चे, एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. या तिन्ही कृती थोर आहेत. मी त्या वर्गात शिकवल्या आहेत आणि त्यांतल्या माणसांसाठी माझाही गळा दाटून आला आहे. पण त्या वाचता वाचता आपल्या मनात एक समजूत रुजली, की घराला इतिहास असतो तो मोठ्या घरालाच. दिंडी, चौक, सोपा, माजघर, भुयारात पुरलेला हंडा, भाऊबंदकी आणि शेवटी वाळवी, अशी सामग्री असल्याखेरीज घर कथेचा विषय होत नाही. चार खणांच्या घराने पडायचे असेल तर मुकाट्याने पडावे. त्याच्यासाठी कोणी दिवाळी अंकाची पाने खर्ची घालीत नाही.

इथे मला माझाही एक गुन्हा कबूल करायला हवा. माझ्या पहिल्या कादंबरीत मी एक वाडा पाडला आहे. समीक्षकांना तो आवडला. आमच्या तालुक्यात तसा वाडा नव्हताच, निदान मी ज्या घरात वाढलो ते तरी तसे नव्हते. ते माळवदाचे, पाच खणांचे घर होते. खांब, तुळया, त्यांवर आडवी लाकडे, काटक्या, पाला आणि वर पांढरी माती. उजेडासाठी छताला ठेवलेले एक भोक. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे घालायचे. कादंबरी लिहायला बसलो तेव्हा त्या घराची मला लाज वाटली. मी त्याला चौक जोडला, दिंडी जोडली आणि ज्या एका माणसामुळे ते घर उभे होते ते माणूस गाळून टाकले. ते कोण, हे पुढे सांगेन.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने पुण्यास जाणे झाले. बरोबर माझा मेहुणा होता. तो गवंडीकाम करतो आणि पुस्तके वाचीत नाही. कॉलेजातली कामे दुपारीच उरकली. संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही गंज पेठेत फुले वाडा पाहायला गेलो. पेठेला आता महात्मा फुल्यांचेच नाव आहे. गल्लीतून आत गेल्यावर मोकळी जागा लागते. एका बाजूस उतरत्या छपराचे कौलारू घर, अंगणात विहीर आणि एक तुळशीवृंदावन. त्या वृंदावनाखाली जोतीरावांच्या अस्थी आहेत. घरात लाकडी खांब, बेताची दारे आणि एकमेकींत उघडणाऱ्या लहान लहान खोल्या. बस, एवढेच. पुण्यात शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा विश्रामबागवाड्याची कोरीव लाकडी सज्जाची बाजू पाहून इकडे येणाऱ्या माणसाला आपण चुकीच्या पत्त्यावर आलो की काय, असे वाटावे.

मेहुण्याने खांबावर तळहात फिरवला, पावले टाकून दोन खांबांमधले अंतर मोजले आणि म्हणाला, “दाजी, लाकूड मागाहून बदललं असंल, पण खण तर तेवढाच राहतो. हे घर करणाराला काम कळत व्हतं. पैका दावायचा नव्हता त्याला.”

त्या घरावरची ही मी ऐकलेली सर्वांत नेमकी समीक्षा आहे. माझ्या या लेखात त्याहून जास्त काही निघेलच, अशी खात्री मला देता येत नाही.

‘वाडा’ हा शब्द मला तेव्हापासून खुपू लागला आहे. पुण्यात कुठल्याही जुन्या घराला वाडा म्हणण्याचा प्रघात आहे, हे मान्य. लोकांनी हे नाव आदराने दिले, हेही मान्य. पण शब्द आपल्याबरोबर आपले सामानही घेऊन येतो. वाडा म्हटले की वतन आले, इनाम आले, वाडवडिलांनी मिळवलेले आणि नातवंडांनी उडवलेले असे सारे आले. या घराला त्यातले काहीच लागू पडत नाही. ते कोणी बक्षीस दिलेले नाही. वडिलोपार्जितही नाही, उलट, वडिलांनी घराबाहेर काढले तिथून त्याची गोष्ट सुरू होते. पेशव्यांना फुले पुरवणाऱ्या घराण्यातले गोविंदराव हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते. मुलगा आणि सून शूद्रातिशूद्रांच्या पोरांना, आणि त्यातही पोरींना, शिकवतात म्हणून लोकांनी त्यांच्यामागे टुमणे लावले. शाळा सोड, नाहीतर घर सोड, असे त्यांनी १८४९ मध्ये मुलाला सांगितले. नवराबायकोने घर सोडले. त्यांच्या या नव्या घराचा काळ साधारणपणे १८५२ च्या सुमाराचा मानतात. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडीच्या हस्ते सरकारने जोतीरावांना शालजोडी दिली. शाल एका वाड्यात मिळाली आणि ती घेऊन माणूस आपल्या घरी आला. या दोन वास्तूंना एकच शब्द वापरणे मला तरी जमत नाही. या लेखात मी ‘घर’ म्हणणार आहे.

आता मेहुण्याच्या वाक्याकडे येतो. पैसा दाखवायचा नव्हता, म्हणजे पैसा होता. हे आपण विसरतो. फुल्यांच्या दारिद्र्याची चित्रे रंगवणे व्याख्यात्यांना आवडते. पण जोतीराव हे चांगले चालते कंत्राटदार होते. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा त्यांचा व्यापार होता. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी दगडचुना पुरवला, कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल ही कामे त्यांच्या कंपनीकडे होती, असे चरित्रकार नोंदवतात. १८७६ ते १८८२ या काळात ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. ज्याच्या हाताखालून दगड, चुना, वीट आणि शेकडो मजूर जात होते, त्याला आपल्या घरावर एक माडी चढवणे अवघड नव्हते. इमारतीच्या धंद्यातला माणूस आपल्या घरावर धंद्याची छाप पाडल्यावाचून सहसा राहत नाही. आमच्या तालुक्यातले एकेक ठेकेदार पाहावेत! तेव्हा या घराचा साधेपणा हा नाइलाज नव्हता. तो ठरवून केलेला होता, आणि म्हणून तो शैलीत मोडतो. हे घर ज्याने राहते ठेवले त्याची गद्यशैलीही तशीच आहे: भार पेलणारी, नक्षी नसलेली, काही ठिकाणी ओबडधोबड.

ही केवळ उपमा नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे पुस्तक १८८३ मधले. त्याच्या चौथ्या प्रकरणात एका कर्जबाजारी कुणब्याच्या घराचे वर्णन येते. माझ्या अल्प वाचनात मराठी गद्यातले ते पहिले असे घर आहे, की ज्याच्यात लेखक खरोखर शिरला आहे. गोठा, अडगळ, भांडी, घाण, वास, आजारी माणूस; वस्तू एकामागून एक येतात आणि लेखक कुठेही नाक मुरडीत नाही, की गहिवरही आणीत नाही. पंचनामा करणाऱ्या अंमलदाराची नजर आणि भाऊबंदाचा जीव, या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या आहेत. त्या काळातल्या आपल्या कादंबऱ्यांत राजवाडे, उपवने आणि रत्नजडित मंचक यांची रेलचेल होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या वर्णनाचे मोल कळते. पुढे उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये, १९६० साली, कौतिकचा फाटका संसार आला तेव्हा आपण त्याला ग्रामीण वास्तवाचा नवा आविष्कार म्हटले. त्याची जुनी पायवाट ‘असूडा’तून येते, असे माझे मत आहे. पण ‘असूड’ हा आपण विचारांच्या कपाटात ठेवला आणि ‘धग’ साहित्याच्या. कपाटे वेगळी, म्हणून नाते कोणी पाहिले नाही.

घराची खरी परीक्षा त्याच्या दारावर होते. वाड्याच्या कादंबरीत दाराला फारसे काम नसते. ते सकाळी उघडते, रात्री लागते आणि शेवटच्या प्रकरणात निखळते. गंज पेठेतल्या या घराचे दार मात्र सतत काहीतरी करीत असते. १८६३ मध्ये नवराबायकोने आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर आपले मत कळवताना जोतीरावांनी त्याचा हिशेब दिला आहे: तोवर पस्तीस स्त्रिया येऊन बाळंत झाल्या होत्या. पस्तीस हा आकडा कोणाला लहान वाटेल. एका बैठ्या घराच्या आवारात, पुण्यासारख्या शहरात, आजूबाजूच्या शंभर डोळ्यांपुढे ही बाळंतपणे झाली. आणि त्या प्रत्येक वेळी कढत पाणी, बाजेखाली शेगडी, रात्रीचे जागरण हे सारे सावित्रीबाईंना करावे लागले असेल. असा विचार केला म्हणजे पस्तीस हा आकडा छातीवर येतो. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला झाला. १८५६ मध्ये दोन मारेकरी रात्री याच दारातून आत आले, आणि पुढे त्यांतला एक राखण करू लागला व दुसरा पंडित झाला, ही गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे. ती जरा कथेसारखी वाटते, पण असो.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा १९६३ च्या संग्रहातली. जात लपवून भाड्याने खोली घ्यावी लागणारा तिचा नायक जे दार शोधत होता, ते शंभर वर्षांपूर्वी पुण्यात एका माळ्याने उघडे ठेवले होते. दोन्ही गोष्टी जवळजवळ ठेवून वाचल्या म्हणजे घराचा इतिहास हा भिंतींचा कमी आणि आत कोणाला घेतले नि बाहेर कोणाला काढले याचा जास्त असतो, हे कळते.

या घराच्या मालकीविषयीचा सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जोतीरावांचे मृत्युपत्र. ते १० जुलै १८८७ चे आहे. ‘समग्र वाङ्मया’त ते छापले आहे, पण वाङ्मय म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. मृत्युपत्र हा आपल्याकडे वकिलांचा प्रांत मानतात. वास्तविक माणूस मृत्युपत्र लिहितो तेव्हा कादंबरीकाराचेच काम करीत असतो. आपण नसू तेव्हा कोण कसे वागेल, कोणाला मोह पडेल, कोण भांडेल, हे त्याला कल्पनेने पाहावे लागते. जोतीरावांना मूलबाळ नव्हते. याच घरात बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला होता. तो यशवंत. मिळकत सावित्रीबाई आणि यशवंत यांच्याकडे जावी, असे मृत्युपत्र सांगते. इथवर ते चार लोकांच्या मृत्युपत्रांसारखेच आहे. पुढे मात्र असे कलम येते, की जे वाचताना मी खुर्चीतून उठलो. यशवंत शिकला नाही, नालायक निघाला, तर त्याचा हक्क जाईल, आणि सत्यशोधक समाजाच्या सभासदांनी बहुमताने माळी, कुणबी, धनगर अशा जातींतला एखादा लायक मुलगा निवडून त्याला वारस करावे!

घराचा वारस बहुमताने निवडायचा. ज्या समाजात पोटचा मुलगा कितीही दिवटा निघाला तरी ‘शेवटी रक्त आहे’ म्हणून किल्ल्या त्याच्याच हाती देतात, त्या समाजात एका गृहस्थाने स्टँपाच्या कागदावर लिहिले, की रक्त हा पुरावा नव्हे, विद्या हा पुरावा. ‘वाडा चिरेबंदी’तले सगळे दुःख ज्या एका गृहीतावर उभे आहे, ते गृहीतच हा कागद काढून टाकतो. आपल्या वाड्यांच्या साहित्याला जे सुचले नाही ते त्याच्या कितीतरी आधी एका मृत्युपत्रात सुचले होते. मग ते साहित्य नव्हे, असे कसे म्हणावे?

मात्र मालकीला मर्यादा किती असतात, तेही याच घराने दाखवले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, अशी जोतीरावांची इच्छा होती. त्यासाठी घरामागे खड्डाही तयार होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले. वस्तीत पुरायला परवानगी मिळाली नाही. घर आपले, जमीन आपली, खड्डा आपण खणवलेला. पण त्यात झोपण्याचा हक्क आपला नाही. शेवटी देह स्मशानात न्यावा लागला आणि त्या जागी अस्थी परत आल्या. ज्या नगरपालिकेचे ते सहा वर्षे सभासद होते तिचाच हा नियम. त्यात त्या पालिकेची चूक होती, असे मला म्हणायचे नाही. पण नियतीला विनोदबुद्धी असते, एवढे खरे.

त्याआधी दारात आणखी एक प्रकार घडला. प्रेतापुढे टिटवे कोणी धरायचे, यावरून भाऊबंदांनी वाद घातला. टिटवे धरील तो वारस, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. आमच्या खेड्यांत आजसुद्धा मर्तिकाच्या वेळी मडक्याकडे जी पाहिली जाते ती श्रद्धेची नजर असते, असे कोणी समजू नये. ती सात-बाऱ्याची नजर असते. मृत्युपत्र तीन वर्षांमागेच झाले होते. पण कागद एकीकडे आणि रूढी दुसरीकडे. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि त्या चालू लागल्या. या प्रसंगाचे वर्णन करताना आपले लेखक त्यांच्या धैर्याचे कौतुक करून थांबतात. धैर्य तर होतेच. पण त्या बाईंना मालमत्तेचे व्यवहारही कळत होते. जो हक्क नवऱ्याने शाईने लिहून ठेवला होता, तो त्यांनी चारचौघांत उंबरठ्यावर बजावला. कागदाला साक्षीदार लागतात; त्या दिवशी अख्खी पेठ साक्षीदार झाली.

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. यापुढची कोणी फारशी सांगत नाही, आणि माझ्या मते या घराचा खरा इतिहास तिथेच आहे.

यशवंत लायक निघाला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करीत होत्या आणि त्यातच १० मार्चला त्या गेल्या. म्हणजे मृत्युपत्रातले ते वेगळे कलम वापरायची वेळच आली नाही. वारस परीक्षेत उतरला होता. पण पुढे यशवंतही गेला, तोही तरुणपणीच. त्याची पहिली पत्नी राधा आधीच वारली होती. मागे राहिली ती दुसरी पत्नी चंद्रभागा आणि एक लहान मुलगी. या दोघींचे काय झाले? फुल्यांच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे, की पोटासाठी चंद्रभागाबाईंनी घरातली पुस्तके विकली आणि अखेर हे घरही विकले. किंमत शंभर रुपये सांगतात. त्यानंतरचे त्यांचे दिवस फार हलाखीत, उघड्यावर गेले, असेही सांगतात.

हे वाचले तेव्हा मला प्रथम राग आला तो त्या काळच्या लोकांचा. सत्यशोधक चळवळ चालू होती, जोतीरावांचे नाव घेऊन सभा भरत होत्या. कोणालाच कसे दिसले नाही? हा राग सोपा आहे आणि त्याने आपले समाधान होते, म्हणूनच मी तो फार वेळ ठेवला नाही. त्याहून कठीण प्रश्न त्या कागदाला विचारायचा आहे. ज्या घरात पस्तीस निराधार विधवांना दार उघडले, त्याच घराच्या सुनेला विधवा झाल्यावर दाराबाहेर पडावे लागले. मृत्युपत्राने रक्ताऐवजी विद्या पाहिली, जातीऐवजी लायकी पाहिली. पण लायक वारस तरुणपणीच मेला तर त्याच्या बायकोने कुठे जावे, याला तो कागद पुरा पडला नाही. १८८७ मध्ये ती सून घरात आलेलीही नव्हती, तेव्हा जोतीरावांना बोल लावणे अन्यायाचे होईल. तरीही वारस म्हटला की डोळ्यापुढे मुलगाच येतो, पहिला नालायक निघाला तरी दुसरा शोधायचा तोही मुलगाच, हे तिथे आहे. मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाच्या लेखणीतूनही ते आले. हे मी जोतीरावांचे मोठेपण कमी करायला लिहीत नाही. एवढा मोठा माणूस जिथे अडला ती जागा नेमकी कोणती, हे पाहिल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही, असे मला वाटते.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. घर हातांतून हातांत गेले. १९७२ मध्ये राज्य शासनाने ते संरक्षित स्मारक केले आणि पुढे ते ‘समता भूमी’ म्हणून प्रसिद्ध झाले. शंभर रुपयांच्या घराला आता किंमत नाही, म्हणजे ते कोणी विकत घेऊ शकत नाही. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचे नशीब याच्या उलट. जिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली ती जागा तात्यासाहेब भिड्यांनी दिली होती. पुढे तिथे दुकाने आली, भाडेकरू आले, कोर्टकज्जे झाले, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर डिसेंबरात ती पडकी वास्तू स्मारक बांधण्यासाठी पाडण्यात आली. एक वास्तू राहिली आणि दुसरी गेली. पण दोन्हींचा निकाल कोर्ट-कचेरीतच लागला. आता गंज पेठेतले हे घर आणि जवळचे सावित्रीबाईंचे स्मारक जोडण्यासाठी मधली राहती घरे संपादन करण्याची योजना आहे. स्मारक मोठे व्हावे, यात दुमत नाही. पण ती मधली घरेही चार-सहा खणांचीच असणार, त्यांनाही दारे असणार, आणि त्यांतल्या किती घरांच्या कागदावर बाईचे नाव आहे, हे कोणीतरी आधी विचारून घ्यावे. त्या घराच्या शेजाऱ्यांसाठी एवढे करणे त्या घराला शोभेल.

आता माझ्या कादंबरीतून गाळलेल्या माणसाविषयी. ती माझी आत्या. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती पांढऱ्या कपाळाने माहेरी आली आणि चाळीस वर्षे आमच्याच घरात राहिली. दर वर्षी मृगाआधी माळवदावर पांढरी माती ती टाकायची. पाट्या डोक्यावरून शिडीने चढवायच्या, माती पसरायची, धुम्मसाने चोपायची. भिंतीला पोतेरे, जमिनीला सारवण, छताच्या भोकाशी घमेले, सगळे तिचे. मातीचे घर हे दर वर्षी नव्याने बांधावे लागते, आणि ते जी बांधते तिला आम्ही घरात ‘राहणारी’ म्हणत होतो. वाटण्या झाल्या तेव्हा ती कोणाच्या वाट्याला जायची, यावर चर्चा झाली. तिच्या वाट्याला काय जायचे, यावर झाली नाही. ती शेवटी एका भाचीकडे गेली. त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माळवद गळू लागले आणि चौथ्यात मधला खण बसला. मी माझ्या कादंबरीत वाडा पडण्याचे कारण काळाचा महिमा असे दिले होते. समीक्षकांना ते फार खोल वाटले होते.

पुण्याहून परत आल्यावर एक दिवस ग्रामपंचायतीत जाऊन मी आमच्या त्या जागेचा नमुना आठ काढला. जुन्या नोंदी ग्रामसेवकाने दाखवल्या. आजोबा, मग वडील आणि काका, मग आम्ही चुलतभाऊ. मेहुणा बरोबर होताच. तो जागेवर जाऊन उभा राहिला, पडक्या जोत्यावरून पावले टाकून त्याने खण मोजले आणि लाकूड अजून बरे आहे म्हणाला. पाच खणांपैकी तीन उभे करता येतील, कोणी राहणार असेल तर. मी त्याला भाचीचा फोन नंबर दिला.